इंजिनांची सोयरिक

जाम गावच्या चौकात कुणी गाडीचं बॉनेट उघडलं की तिथले मिस्त्री सोयरे आधी बिघाड विचारत नसत, खानदान विचारत. "हे कोन्या घरचं इंजिन हाये?" गाडीवाला बिचारा मॉडेल सांगे, साल सांगे. सोयऱ्यांचं तेवढ्यानं भागत नसे. "ते झालं आडनाव. भाऊबंद कोन याचे?" समोरचा गोंधळला की स्वतःच वंशावळ म्हणून दाखवत. हे इंजिन आधी कुठल्या व्हॅनमध्ये होतं, त्याचा थोरला भाऊ कुठल्या लांब गाडीत गेला, धाकटा कुठल्या जीपला लागला. स्वतःच्या चुलत्यांची नावं विसरतील, पण ही नावं नाहीत. म्हणून अख्खा चौक त्यांना सोयरे म्हणे. खरं नाव रेशनकार्डावर असेल, मला माहीत नाही.

त्यांचा सारा जीव कॅमशाफ्टमध्ये. इंजिनाच्या डोक्यात एक दांडा फिरतो, त्याच्यावर अंड्यासारखे उंचवटे असतात, आणि ते उंचवटे झडपा उघडतात. उंचवटा जेवढा मोठा, तेवढी झडप जास्त उघडते आणि तेवढा इंजिनाचा श्वास मोठा. मला हे एका वाक्यात कळलं, कारण सोयऱ्यांनी माझं नाक चिमटीत धरून मला पळायला लावलं, "पय आता." सुटल्यावर म्हणाले, "तुह्या बापाच्या गाडीचं असंच हाये. ताकद हाये, नाक दबलं हाये." त्यांच्या मते एका घराण्यातल्या इंजिनांत कुणाचं तरी नाक मोठं असतंच. भंगारातून त्याचा कॅम काढायचा आणि लहान भावाला द्यायचा. "घरातलंच तं हाये," म्हणत, "परक्याचं थोडी मागून राह्यलो?"

आमची गाडी म्हणजे तीन सिलिंडरची डबी. अल्लीपूरच्या आमच्या मळ्यातली वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर हिंगणघाटच्या बाजारात नेऊन नेऊन तिच्या मागच्या सीटला कायमचा हिरवा वास लागला होता. मी चालवायला शिकले तीही तिच्यावरच. पण मामेभावाच्या लग्नाला कारंज्याकडे निघालो आणि तळेगावच्या घाटात तिनं मान टाकली. आम्ही सगळे उतरलो. आई नवी पैठणी सावरत चढ चालू लागली, बाबा लाल झाले, आणि तेवढ्यात थोरला मामा आपली नवी गाडी हळू करून खिडकीतून म्हणाला, "भाऊजी, धक्का देऊ का?" बाबांनी हातानंच त्याला पुढं जायला सांगितलं. घरी आल्यावर बोलले. "पोळा झाला का भंगारवाल्याले देतो."

मी भांडले, रडले, जेवले नाही. बाबांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. शेवटी कसेबसे एका अटीवर आले: पोळ्याच्या आधी एकदा तोच घाट, पाच माणसं बसवून. एकही माणूस न उतरवता चढली तर गाडी घरात, उतरावं लागलं तर परस्पर भंगारात. दुसऱ्याच दिवशी मी गाडी घेऊन जामला सोयऱ्यांसमोर उभी.

सोयऱ्यांनी अट ऐकली आणि टाळीच वाजवली. भंगाराच्या ढिगातून एक कॅम काढून जुन्या धोतराच्या फडक्यानं असा पुसला, जणू पाहुण्यांसमोर नवरदेव आणायचा आहे. मी म्हटलं, बसवा मग. "अवं, पत्रिका पाह्याची राह्यली ना," म्हणाले, आणि घराकडे तोंड करून ओरडले, "कणीक आना वो!"

ही त्यांची खास पद्धत. मोठा कॅम झडप जास्त खाली उतरवतो. ती खालून वर येणाऱ्या पिस्टनवर आदळली की इंजिनाचा निकाल लागतो. म्हणून सोयरे पिस्टनच्या डोक्यावर काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मळलेल्या कणकेची गोळी ठेवत, झडपांना तेलाचं बोट लावत, वरचं हेड बसवत, आणि पान्यानं इंजिन हातानंच दोनदा पूर्ण फिरवत. पुन्हा सगळं उघडून कणीक ब्लेडनं कापत आणि किती जाडी उरली ते नखावर घेऊन बघत. ज्वारीचं पीठ चालत नसे, ते तडकतं. गव्हाचीच लागे, आणि तीही जरा मुरलेली. काकू म्हणत, "या मानसाच्या इंजिनायनं माह्या घरच्या पोया खाल्ल्या." म्हणत आणि तरी गोळा मळून आणत.

पहिल्या कॅमनं कणीक आरपार कापली. माझं तोंड उतरलं. सोयरे मात्र खूष! "कणीक मेली, इंजिन नाई मेलं. हसाची गोष्ट हाये का रडाची?" दुसरा कॅम हायवेवर उलटलेल्या व्हॅनचा. कणकेची परीक्षा तो झकास पास झाला, मी उडीच मारली. मग सोयऱ्यांनी तो उन्हात फिरवून पाहिला आणि जीभ चावली. ती व्हॅन नव्या पद्धतीची, तिचा पेट्रोलचा पंप विजेवर चालणारा. आमचा पंप जुना, कॅमवरच्या एका जादा उंचवट्यानं चालणारा, आणि तो उंचवटा याच्या अंगावर नव्हताच. "चुलत निंगाला बाप्पा," सोयरे म्हणाले, "सख्खा पाह्यजे."

पोळा आठ दिवसांवर. सोयऱ्यांनी वर्ध्यापासून बुटीबोरीपर्यंत भंगारवाले पालथे घातले. रोज संध्याकाळी मी फोन करी, रोज ते म्हणत, "नाई वं." चौथ्या दिवशी त्यांचाच फोन आला. "भेटला! येजो लवकर!" मी पोचले तेव्हा कडुनिंबाखालच्या त्यांच्या स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडं होतं. तो सख्खा कॅम त्यांनी कधीकाळी मोठ्या हौसेनं स्वतःच्या गाडीला लावलेला. मी नको नको म्हटलं. ते चिडले. "माही गाडी कुठं जाते? मी बी अठी, ते बी अठी. तुही तं घाट चढून राह्यली ना? आन मले इकडं दे तो पाना."

कणीक पुन्हा आली, आणि या वेळी कापल्यावर भाकरीच्या पापुद्र्यापेक्षा जाड उरली. गाडी सुरू केली तेव्हा उभ्या जागी अशी थरथरली की मला वाटलं, बिघडवून ठेवली. सोयऱ्यांनी ॲक्सिलेटर दाबला. आवाज आधी खोकल्यासारखा, मग एकदम मोकळा झाला आणि चौकातल्या टपरीवरची चहा पिणारी माणसं कप हातात घेऊन उठली. मी काकूंना मिठी मारली. सोयरे म्हणाले, "आयक, हे आता खालून बोलनार नाई, वरून बोलन. हळू चालोलं का रुसते. खालच्या गिअरमंदी इंजिनाले ओरडू द्याचं."

नेमकी इथंच गोम होती. आमच्या बाबांचं सारं आयुष्य इंजिनाला गप्प बसवण्यात गेलेलं. पेट्रोल वाचवायचं म्हणून गाडी जरा हलली की वरचा गिअर, आणखी जरा हलली की त्याच्याही वरचा. आणि परीक्षेला तेच चालवणार, दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग द्यायला ते तयार नव्हते. पुढं आई, मागं मी, आत्या आणि सोयरे. सोयऱ्यांनी धुतलेला सदरा घातला होता, पण पँट तीच तेलकट. आत्याच्या लुगड्याला लागू नये म्हणून ते दाराशी अंग चोरून बसले होते. रोहण्याला चहा घेतला तेव्हा ते कपाला शिवले नाहीत. बॉनेट उघडून प्रत्येक नट पुन्हा तपासत राहिले.

तळेगाव मागं पडलं. घाट लागला. गाडी सुरुवातीला अशी उचलली की आत्यानं देवाचं नाव घेतलं आणि मी हसू लागले. एक ट्रक मागं टाकला, दुसरा टाकला! आणि बाबांनी सवयीनं वरचा गिअर टाकला. आवाज बसला, गाडी हिसके देऊ लागली. तेच वळण, जिथं आईनं पैठणी सावरली होती. "खालचा टाका भाऊ," सोयरे म्हणाले. बाबा म्हणाले, "मले शिकवू नका." गाडी आणखी मंदावली. आत्या लुगडं सावरून उतरायच्या तयारीत. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. तेव्हा सोयऱ्यांनी दोन सीटांच्या मधून डोकं पुढं काढलं आणि अगदी हळू म्हणाले, "भाऊ, हात जोडतो. एक डाव ओरडू द्या तिले."

बाबांनी आरशात त्यांच्याकडे पाहिलं. क्लच दाबला, गिअर खाली आणला आणि पाय पार खाली दाबला. काय तो आवाज! गाडीनं मान वर केली, सगळ्यांच्या पाठी सीटला टेकल्या, ते वळण गेलं, पुढचं गेलं, आई चक्क ओरडली, "मारा, अजून मारा!" सोयरे दोन्ही हातांनी सीट धरून रडत होते आणि हसत होते. माथ्यावर बाबांनी गाडी बाजूला घेतली तेव्हा आमच्यापैकी कुणाचाही पाय जमिनीला लागला नव्हता.

बाबा उतरून मागच्या दाराशी गेले. म्हणाले, "सोयरे, पुढं बसा." सोयरे चाचरले. "नाई भाऊ, पँट तेलाची हाये. सीट खराब होईन." बाबा म्हणाले, "होऊ द्या." आई हसून मागं आली. सोयरे पुढं बसले, आणि कारंज्यापर्यंत बाबा त्यांना एकेका गाडीचं खानदान विचारत राहिले.

सोयरे गेल्या उन्हाळ्यात गेले. साधा ताप आला म्हणून दवाखान्यात नेलं, ते परत आले नाहीत. काकू लेकीकडे राहायला गेल्या, आणि त्यांच्या शेडच्या जागी आता चपलांचं दुकान आहे. गाडी मात्र आमच्याकडेच आहे आणि वांगी अजून तिच्यातूनच जातात. परवा सीटांची कव्हरं फारच फाटली म्हणून आम्ही हिंगणघाटला गेलो. कारागिरानं बाकीची सगळी नवी घातली. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटचं जुनं काढायला लागला, तर बाबांनी त्याचा हात धरला. त्यावर तेलाचा एक मोठा काळा डाग आहे, कितीही घासलं तरी न गेलेला.

"भाऊ, हेच तं सगळ्यात घान हाये," कारागीर म्हणाला, "हे काऊन सोडता?"

बाबा म्हणाले, "राहू दे. तिथं मानूस बसला हाये."