पानात न मावलेला परिच्छेद

भास्कर गेल्याचं मला मोखाड्यात कळलं. शाळेच्या कामासाठी गेलो होतो, बाजारात मीठ घेत होतो, तेवढ्यात जव्हारचे कापडवाले उस्मानशेठ गाडीतून उतरले. मला पाहून त्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "मास्तर, तुमचे दोस्त गेले. ताप उतरलाच नाही. काल पोचवून आलो आम्ही." मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. हा लेख त्या रागातच लिहितो आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

जव्हार संस्थानच्या शाळेत भास्कर सृष्टिशास्त्र शिकवायचा आणि मी चित्रकला. दोघांनी मिळून 'रानपान' नावाचं मासिक काढलं होतं. मजकूर त्याचा, चित्रं माझी, छपाई दगडावरची. अक्षरं वाकडी यायची, शाई फुटायची. पळसाच्या माहितीला लागून कुणाच्या तरी मुंजीवरची कविता, तिच्याखाली विंचवावरचा उतारा. मला त्याची गंमत वाटायची, भास्करला लाज वाटायची. "हे मासिक आहे की बाजारची पाटी?" म्हणायचा. त्याला सुबक अक्षरांचे शिशाचे खिळे हवे होते, चित्रांचे ठसे हवे होते, प्रत्येक झाडाचं शास्त्रीय नाव हवं होतं. आणि एक नियम हवा होता... एक वनस्पती, एक पान. "आणि झाड पानात मावलं नाही तर?" मी चिडवायचो. तो हसायचा. "तुला चित्रं काढता येतात, शिस्त कळत नाही," म्हणायचा.

पुढे मुंबईच्या चार सुशिक्षितांचं एक मंडळ मिळालं आणि त्याच्या मनासारखं झालं. मासिकाला भारदस्त नाव मिळालं, छपाई मुंबईत गेली, मजकुराची शेवटची तपासणीही तिकडेच. पहिला अंक आला तेव्हा भास्करनं तो अख्ख्या जव्हारात मिरवला. उस्मानशेठना मराठी वाचता येत नसे, त्यांच्याही हातात दिला. त्यांनी कागद चिमटीत धरून पाहिला आणि "माल अस्सल आहे" असा निर्वाळा दिला. इतका खूश झालेला भास्कर मी पुन्हा पाहिला नाही.

त्या वर्षी पाऊस मधेच दडी मारून बसला. भात गेलं, नाचणी जेमतेम. अशा वेळी डोंगरातली माणसं कंद खणून काढतात, म्हणून भास्करनं कडूकंदावर लेख लिहिला. वांगणीपर्यंत पायपीट करून, चुलीशी बसून, विचारून लिहिला. कडूकंद नुसता उकडून खाल्ला तर विषच. त्याच्या चकत्या राखेच्या पाण्यात उकडायच्या, टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओहोळात ठेवायच्या, पुन्हा उकडायच्या, आणि तरी कडू लागल्या तर फेकून द्यायच्या. हे सगळं त्यानं शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं. कूळ, पान, फूल, कंद, ठसा यांत पान भरलं. शेवटचा परिच्छेद उरला. मंडळाच्या चिटणिसांनी तो उडवला आणि त्याच्या जागी स्वतःचे दोन शब्द घातले: 'उकडून खाण्याजोगा.' नियम भास्करचा होता, कात्री त्यांची.

साखरशेतच्या शाळेवर घाटावरचा एक तरुण शिक्षक नवीनच आला होता. घरात बायको आणि लहान मुलगी. दाणे संपले तेव्हा त्यानं अंक उघडला, ठशाशी वेल ताडून पाहिला आणि कंद खणून आणला. तिघांनीही खाल्ला. आईबाप वाचले, मुलगी वाचली नाही.

आम्ही दोघं तिथे गेलो. त्या शिक्षकानं अंक आणून भास्करसमोर ठेवला. शेजारची म्हातारी कुडाला टेकून रडत होती. भास्करनं तिला विचारलं, "आजी, तुमच्या डोळ्यांदेखत चूल पेटली. सांगितलं का नाही?"

"कसा सांगू, मास्तर?" ती म्हणाली. "आमाला दिसला ना, कडूकंद हाय. पर त्यांचे हातात छापेल बुक होता. आमाला वाटला, बुकात दुसरी रीत आसंल. शिकलेल्या मानसाला आमी काय सांगावा?"

परतताना जामसरजवळ भास्कर थांबला. मग म्हणाला, "वाकड्या अक्षरात असतं तर तिनं सांगितलं असतं रे."

त्यानं दुरुस्ती छापा म्हणून मंडळाला लिहिलं. उत्तर आलं की शास्त्रीय मासिकात पाककृती छापत नाहीत, आणि दुरुस्तीनं मासिकाच्या लौकिकाला बाध येईल. तो मुंबईला जाऊन आला. त्याला चहा पाजून परत पाठवलं. मी म्हणालो, त्या लोकांच्या तोंडावर संपादकपदाचा राजीनामा फेक. फेकला नाही, आत राहून एक दिवस छापून घेईन म्हणाला. यावरून आम्ही कडाडून भांडलो. आजही मला वाटतं की माझंच बरोबर होतं.

मग त्यानं अडगळीतला आमचा जुना छपाईचा दगड काढला. उडवलेला परिच्छेद त्यावर स्वतःच्या हातानं उलट्या अक्षरांत लिहिला आणि घरीच चिठ्ठ्या छापू लागला. दर बाजारच्या दिवशी झाडाखाली उभा राहून त्या वाटायचा, ज्याला वाचता येत नसे त्याला वाचून दाखवायचा. डोंगरातली माणसं हसायची, कारण ती हे जन्मापासून जाणत होती. गावातले शहाणेही हसायचे. उन्हात, पावसात, शेवटी अंगात ताप असतानाही तो तिथे उभा राहिला.

गेल्या आठवड्यात मंडळाचा स्मृतिअंक आला. काळी चौकट, भास्करचं छायाचित्र, 'मासिकाला आधुनिक वळण देणारे' वगैरे. आणि त्याच्या आदरार्थ त्याचा सर्वोत्कृष्ट लेख पुन्हा छापला आहे. कडूकंदाचा. जसाच्या तसा... 'उकडून खाण्याजोगा.'

मी अंक घेऊन तसाच त्याच्या घरी गेलो. वहिनींनी पान पाहिलं, मिटलं आणि मला आतल्या खोलीत नेलं. दगड खिडकीखाली त्याच्या जागी होता, वर फडकं घातलेलं. काम झालं की अक्षरं टिकावीत म्हणून तो त्यावर गोंदाचं पाणी फिरवून ठेवायचा. ते शेवटचं फिरवणंही तो विसरला नव्हता.

"उद्या बाजार आहे, भावजी," वहिनी म्हणाल्या, आणि शाईचा डबा माझ्यासमोर ठेवला.