मंगळाचा चौकोन
तापलेल्या कॉम्प्युटरच्या धुळीचा वास आला की मला बिबवेवाडीतली ती दुपार आठवते. मावसबहिणीचं लग्न मंगळावर अडलं होतं. "आठव्या घरात मंगळ, कसं जमायचं?" म्हणत तिला बघायला आलेल्या मुलाचे वडील चपला शोधू लागले, मुलाची स्वतःची पत्रिका मात्र म्हणे लॉकरमध्ये होती. मी नुकताच खराडीच्या आयटी कंपनीत लागलो होतो, म्हणजे विश्व मीच चालवत होतो. "अहो काका, बसा, मंगळ प्रत्यक्षच दाखवतो," म्हणत मी आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं, बहिणीची जन्मवेळ टाकली आणि क्षितिजापासून पत्रिकेतल्या घरांच्या चौकोनी जाळीपर्यंत झाडून सगळ्या रेषा लावल्या. कॉम्प्युटरचा पंखा असा किंचाळला की कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातले वाघ दचकले असतील. मंगळ पश्चिमेच्या आठव्या चौकोनात लालबुंद बसलेला. "म्हणजे माझंच बरोबर," काका म्हणाले. तेव्हा बहिणीने पोह्यांची बशी खाली ठेवली. "दादा, आता यांची जन्मवेळ टाक." मुलाने ती लगेच सांगितली. आकाश गर्रकन फिरलं आणि मंगळ पुन्हा त्याच चौकोनात येऊन बसला. काकांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "अहो, त्या रेषा बंद करता येतात का?" आजही त्यांच्या नातवंडांना मी आकाश दाखवतो, पण रेषा लावत नाही, काका शेजारीच बसलेले असतात.