मार्चची चाल उतरली, सूर नाही

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं केलं ते गच्चीवरचं चालणं. बनशंकरीतलं आमचं घर, सकाळची वेळ, पाण्याच्या टाकीवर टू-इन-वन ठेवलेला, त्यात संचलनाच्या मार्चची कॅसेट. मी पुढं, आमची गोदावरी मागं.

"अहो, स्वल्प हळू. मला काय पोलिसात भरती करताय?"

"पाय उचल. बाजा थांबलाय का?"

"बाजावाल्यांना पगार असतोय. मला काय मिळतंय?"

"डोसा मिळेल. चल."

हसली. चालली. कॅसेट संपेपर्यंत चालली. खाली येऊन तिनं चटणी वाटली, दोघांनी डोसे खाल्ले. दुपारी आडवी झाली ती उठलीच नाही.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. मी शिंपी माणूस, चौथी शिकलेला. भूतबित मानणाऱ्यांना आयुष्यभर तोंडावर वेडे म्हणालो... भूत दिसलं असं आजही म्हणत नाही. घडलं ते लिहितो, हसायचं तर हसा.

मी बँडवाल्यांचे ड्रेस शिवायचो. त्यांच्यातल्या एका मास्तरांनी ही कॅसेट भरून दिलेली — परदेशातला मोठा वाद्यवृंद, एका बाजूला एकच मार्च पुन्हापुन्हा. पहिल्यापासून ताठ, आनंदी, छाती काढून चालावं असा. मधे एक तुकडा मऊ होतो, नुसती व्हायोलिनं... मग पुन्हा मोठा ढोल. त्या मऊ तुकड्यात गोदावरी पाय सैल सोडायची आणि मी मागं वळून ओरडायचो. डॉक्टरांनी तिला चालायला सांगितलं होतं, खरंय. दम लागेल असं चालू नका, हेही सांगितलं होतं. मी पहिलं तेवढं धरलं. शिलाईमशीन एका वेगानं चालवायची सवय, माणूसही तसंच चालेल असं वाटलं.

ती गेल्यावर डॉक्टर म्हणाले, चालण्यानं काही झालं नाही, हृदय आधीच थकलेलं होतं. माझी मुलगी विजया तर आल्यागेल्याला सांगायची, "अप्पांनी आईला रोज चालवलं, म्हणून एवढे दिवस तरी मिळाले." मी मान हलवायचो. ते कौतुक घ्यायचो.

महिन्याचं कार्य उरकून विजया कोरमंगलाला तिच्या घरी गेली. त्याच संध्याकाळी, चांगला उजेड होता अजून, मी टू-इन-वन घेऊन गच्चीवर गेलो. बटण दाबलं.

मार्च हळू वाजत होता.

मशीन बिघडलं म्हणून भजनाची कॅसेट घातली — बरोबर वाजली. पुन्हा मार्च घातला — हळू. खालच्या मजल्यावर नागरत्नाक्का राहतात, वीणा शिकवतात. त्यांच्या टेपवर लावून बघितली. तिथंही हळू.

"फीत सैल झाली असेल, नाही का अक्का?"

"अय्यो, फीत हळू फिरली तर सूरच, श्रुतीच खाली उतरते, अण्णा. आवाज म्हशीसारखा होतो. थांबा."

त्यांनी एकच सूर धरून ठेवणारी श्रुतीपेटी लावली. आमच्या मार्चचा सूर त्यांच्या पेटीशी जुळायचा, म्हणून तर सकाळच्या क्लासात तो गोंगाट त्या सोसायच्या. पेटी आणि कॅसेट एकत्र ऐकत बराच वेळ बसल्या.

"श्रुती तीच. अगदी तीच. नडिगे तेवढी... चाल तेवढी कमी झालीय." पेटी बंद केली. "असं होत नाही, अण्णा."

मी कॅसेट घेऊन वर आलो, लावली आणि चालायला लागलो. ढोलाच्या दोन ठोक्यांच्या मधे पाऊल टाकून वर दम घ्यायला जागा होती. रडका नव्हता हो तो मार्च! आनंदीच होता, पण छाती काढलेला नाही... देवळातून प्रसाद घेऊन माणसं सावकाश घरी येतात, तसला. मऊ तुकडा आला, पुढं मोठा ढोलही आला, पण त्यानं ढकललं नाही. टाकीजवळ वळताना माझ्या लक्षात आलं — मी कठड्याला चिकटून चालत होतो, शेजारी एका माणसाची जागा सोडून.

ती दिसली नाही. बांगडी वाजली नाही. उगाच खोटं कशाला लिहू? पण ही चाल कुणाची ते मला कळत होतं. रोज माझ्याकडं मागितलेली, मी न दिलेली.

बाजू संपली. मागं फिरवून पुन्हा लावली तर पहिल्यासारखी, धडाधड. ती परत कधी हळू वाजली नाही. पुढं दुरुस्तीवाल्याला विचारलं, तो हसला. बँडच्या मास्तरांना विचारलं, ते म्हणाले, वय झालं तुमचं. झालं असेल. पण अक्कांच्या पेटीचं वय झालं नव्हतं.

त्या रात्री जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बस धरून कोरमंगलाला गेलो. विजया दारात रांगोळी घालत होती.

"अप्पा, एवढ्या सकाळी? चला, कॉफी घ्या आधी."

"कॉफी नंतर. तुझी आई गेली त्या दिवशी सकाळी हळू चला म्हणाली होती. रोजच म्हणायची. मी ऐकलं नाही. लोकांत माझं कौतुक करू नकोस."

तिच्या चिमटीतली रांगोळी तशीच राहिली. मी चपला काढल्या नाहीत. ती आत बोलावते का बघत पायरीवर उभा राहिलो.