कुत्र्याची चूळ

बाळांनो, तुम्ही फोनवर विचारलंत की पिल्लाचे दात कोणत्या पेस्टने घासू. उत्तर एका वाक्याचं आहे, पण मला ते चुकून कळलं, म्हणून सविस्तर लिहिते.

नव्वदच्या दशकात आम्ही नेरुळला राहायला आलो, तेव्हा आमच्याकडे पांढरा कुत्रा होता. त्याच्या तोंडाला वास येऊ लागला, हिरड्या लाल झाल्या. वाशीचे डॉक्टर म्हणाले, "रोज दात घासा, नाहीतर काढावे लागतील." कशाने घासायचे, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. दात घासणं मला येत होतं.

लहान मुलांचा मऊ ब्रश आणला. घरात गोंधळ नको म्हणून त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधला. पेस्ट आमचीच, कडक पुदिन्याची. सकाळी सात आणि रात्री आठ. घासून झालं की चूळ भरायला पितळी वाटीत पाणी ठेवी. तो ते सगळं पिऊन टाकी. मी वाटी विसळून पालथी घाली.

"माझी कोणी इतकी काळजी घेतली नाही," तुमचे आजोबा म्हणाले.

"तुम्ही स्वतः चूळ भरता," मी म्हणाले.

आठवडाभरात त्याने खाणं सोडलं आणि फेसाळ उलट्या सुरू झाल्या. मी भाताला दोष दिला. मग दुधाला. घासणं मात्र चालू ठेवलं.

एका सकाळी करावे गावची मासेवाली दारात पाटी उतरवून बसली होती. माझं घासणं तिने शेवटपर्यंत पाहिलं.

"बाय, यो थुकतो कवा?"

"चूळ भरतो की," मी वाटी दाखवली.

"चूळ कसली! पिलान त्यानी. फेस समदा पोटान गेला."

मी ट्यूब उलटी करून वाचली. गिळू नये, असं स्वच्छ इंग्रजीत छापलं होतं. तीच पेस्ट मी वर्षानुवर्षं वापरत होते.

"कॉन्व्हेंटची फी वाया गेली," आजोबा म्हणाले आणि रिक्षा आणायला गेले.

डॉक्टरांनी दोन दिवस औषध दिलं. आपली पेस्ट नको, मीठ नको, लवंगेचं तेल तर मुळीच नको. नुसता ओला ब्रश पुरे, म्हणाले. कुत्र्यांची वेगळी पेस्ट तेव्हा आमच्याकडे कुठे मिळत नव्हती. तुमच्याकडे मिळते. तीच घ्या, आणि आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा. जे गिळलं तर चालतं, तेवढंच त्याच्या तोंडात घालायचं. हेच ते एक वाक्य.

तिसऱ्या दिवशी तो जेवला. मासेवालीने त्याला बोंबलाचं डोकं टाकलं आणि मला म्हणाली, "आता याला घासू नको लगेच, जरा चव लागूं दे."

त्याचा एकही दात काढावा लागला नाही. तो जाऊन खूप वर्षं झाली. लाल दोऱ्याचा ब्रश माझ्या कपाटात आहे, आणि कल्हई लावलेल्या त्या पितळी वाटीत मी रोज ताक पिते.