शिउलीची शेवटची आंघोळ

फरिदपूरजवळच्या त्या बंगाली गावात बाई मेली की आधी सफुराला हाक जायची, मग नातेवाइकांना. तीस वर्षं तिने गावच्या बायकांना शेवटची आंघोळ घातली. जिच्याशी जिवंतपणी कुणी धड बोललं नाही, तिलाही ती "ये गं माझी राणी" म्हणत बोरीच्या पाल्याच्या कोमट पाण्याने धुवायची. त्याबद्दल काही घ्यायची नाही, पण पान मात्र हक्काने दोनदा मागायची.

त्या थंडीत आंबियाची शिउली गेली. अकरा वर्षांची पोर. खजुरीचा कच्चा रस प्यायली, आठवड्याने तापाने फणफणली आणि तीन दिवसांत आटोपलं. झाडावर टांगलेल्या मडक्याला वटवाघळं तोंड लावतात, त्यातच मुततात, रस उकळल्याशिवाय पिऊ नका, असं सरकारी माणसं दरवर्षी सांगायची आणि गाव दरवर्षी हसायचं. सफुराही हसली होती. आता ते हसू तिला खात होतं.

आरोग्य खात्याच्या तौहीदने तिला हातमोजे, मास्क आणि प्लास्टिकचा झगा दिला. "खाला, तिचं नाक-तोंड पुसायचं नाही. लाळेतून लागण होते. आणि आईला आत येऊ देऊ नका."

"तोंड पुसायचं नाही? पोर आहे ती, बैलगाडी धुवायची नाहीये!" सफुरा कडाडली. पण झगा तिने घातला. घरी तिलाही नातवंडं होती.

पडद्याबाहेरून आंबियाने तिला थोरल्या बहिणीला मारावी तशी हाक मारली, "बुबू, तीन दिवस तिची लाळ मी पदराने पुसली. तिचं उष्टं खाल्लं. तेव्हा कुठे होते हे हातमोजेवाले?"

तौहीद पडद्यासमोर आडवा उभा राहिला.

"बुबू, एकदाच गालाला हात लावू दे."

"नको गं बाई. पाप मला लागू दे, पण नको."

शिउलीच्या ओठाच्या कडेला फेस वाळला होता. सफुराने लांबूनच पाणी ओतलं, पुन्हा ओतलं. तो निघेना. शेवटी तसंच कफन गुंडाळलं. मळक्या तोंडाने पोरीला पाठवायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. ती मास्कच्या आत रडली आणि तिला डोळेही पुसता येईनात.

हातमोजे जाळले, हात साबणाने दोनदा धुतले. बाहेर आंबिया भिंतीला टेकून बसली होती.

"बुबू, सकाळपासून माझं डोकं ठणकतंय. अंगही गरम वाटतंय. बघ ना जरा."

सफुराचा हात आपसूक तिच्या कपाळाकडे गेला.

"खाला!" तौहीद ओरडला.

हात थबकला. सफुराने तो हळूच मागे घेतला आणि पदराखाली लपवला. तिला स्वतःची लाज वाटली, तरी तो पुन्हा पुढे होईना.

आंबियाने तो लपवलेला हात पाहिला.

"बुबू," ती म्हणाली, "मी अजून मेले नाही गं."