कान पाण्यात

गयामावशी पोरीला विहिरीच्या पायरीवर छातीभर पाण्यात उभी करायच्या आणि मगच तिच्या पाठीवर तेलाचा रिकामा कॅन बांधायच्या. त्यातली लबाडी मला उशिरा कळली. रोज त्या कॅनमध्ये गुपचूप तांब्याभर पाणी ओतत. भरला, की टोपण उघडून दाखवत, "बघ, ह्यात हवा कुठंय? तूच पोहून राहिली!"

कुरुंद्यात मेंढरं राखणारी ही साठीतली बाई. कातरणीआधी मेंढरं धुता धुता पोहायला शिकलेली. उन्हाळ्यात गावातल्या पोरी तिच्या हवाली असत.

माझी रेणू आठ वर्षांची. हळदीच्या शेतात आम्ही शेततळं केलं आणि माझी झोप उडाली. त्याचं प्लास्टिक इतकं निसरडं, की पडलेल्याला चढताच येत नाही. म्हणून तिला मावशींकडे धाडलं. आठवडा झाला तरी पोरगी नुसती उताणी पडलेली!

"मावशी, हात मारायला कधी शिकवणार?"

"काहून घाई करून राहिली? कान पाण्यात, हनवटी वर, छातीत दम. हे जमलं की बेडकावानी पाय. टाचा जवळ घ्यायच्या, भायेर फेकायच्या, मिटायच्या. हात सगळ्यात शेवटी. दमलेल्याला उताणंच व्हावं लागतं."

मला हा आळशीपणा वाटला. घरी मीच तिला हात मारायला शिकवू लागले, खाटेवर पालथी घालून. मला स्वतःला पोहता येत नव्हतं, हे सोडा.

पुढच्याच आठवड्यात शेततळ्यावर धप्प आवाज झाला. मी धावले. रेणू मधोमध उताणी, डोळे आभाळाकडे. मी बोंब ठोकली तर तीच म्हणाली, "आई, वरडू नको. सोल टाक."

गोठ्यातला सोल, बैलाचा जाड दोर, आणून फेकला. तिने तो मनगटाला गुंडाळला. माझी बोंब ऐकून हेही धावत आले, आणि आम्ही दोघांनी तिला ओढून काढलं. तिला पोटाशी धरून मी मोठ्याने रडले, मग हसले.

संध्याकाळी मावशींच्या पाया पडायला गेले. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "कान पाण्यात व्हते का?"

"व्हते."

पदराने डोळे पुसून त्या म्हणाल्या, "बराबर. आता उद्यापासून तू ये. कॅन रिकामा करून ठिवते."