रोखलेलं गावाचं नाव

सलग दुसऱ्या वर्षी पाऊस झाला नाही, तेव्हा मी शहराच्या कडेला, पडेगावात भाड्याच्या खोलीत राहत होतो. एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करायचो आणि फावल्या वेळात वेबसाइटची नावं घेऊन ठेवायचो. शहर वाढत होतं. नव्या वसाहतींची नावं पुढं कुणालातरी लागतील, असं वाटायचं. तोवर ती एका परदेशी कंपनीकडं ठेवलेली असत. रिकाम्या पानावर ती कंपनी मोठ्या अक्षरांत नाव टाकायची, खाली जाहिराती लावायची.

त्यात एक नाव फुलंब्रीकडच्या आमच्या गावाचं होतं. ते विकायचं नव्हतं.

कंपनीनं नेमकं तेच रोखलं. इंग्रजीत लिहिलं की त्याच्या मधल्या अक्षरांत एका जगप्रसिद्ध ब्रँडचं नाव यायचं. मी कळवलं, हे गाव आहे, त्या ब्रँडच्या कितीतरी आधीचं. उत्तर आलं, प्रसिद्ध ट्रेडमार्क असलेली नावं आम्ही ठेवत नाही. पान पांढरं झालं.

तरीही रोज दुपारी बाराच्या सुमारास कुणीतरी ते उघडत होतं. पान कधी उघडलं गेलं, ते माझ्याकडच्या नोंदीत दिसायचं. ते पान मी फक्त गावच्या शाळेतल्या कॉम्प्युटरवर लावून दिलं होतं. पण शाळेला सुट्टी होती आणि पाण्यापायी गाव उठून गेलं होतं.

रविवारी गेलो. दारांना कुलपं. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. शाळेतून मात्र पंख्याचा आवाज येत होता.

आत माझा चुलता बसला होता. मेंढरं विकल्यावरही तो गाव सोडत नव्हता. हात गुडघ्यांवर, नजर पांढऱ्या पडद्यावर.

"बस," तो वळून न बघता म्हणाला. "आत्ता गाव येईल."

"तात्या, तुम्हाला हे कुणी दाखवलं?"

"मास्तरनं. जाताना किल्ली दिली. बाराला लाइट आली की बटण दाबायचं, गावाचं नाव येतं. आता येत नाय."

"ते बंद केलंय. परदेशातल्या कंपनीनं."

त्यानं पांढऱ्या पडद्यावर बोट टेकवलं.

"म्हंजे त्यांनाबी कळलं."

"काय?"

"हितं कुनी नाय ते."

मी अक्षरांचं, ब्रँडचं सांगत बसलो. तो नुसता मान हलवत होता.

त्यानं बटण बंद केलं, शाळेला कुलूप लावलं. शहरात चला म्हटल्यावर आधी तीनदा नाही म्हणालेला माणूस निमूट माझ्याबरोबर निघाला.

एसटीत कंडक्टरनं विचारलं, कुठून बसलात. तात्या गावाचं नाव घेईना. शेवटी मीच सांगितलं.